फ्लेक्सच्या तुकड्यावर कुंझुम

निरोप चार ओळींचा होता. हिमाचलातल्या रिकाँग पिओहून सायकलवर नाको, ताबो, काझा, कुंझुमचा घाट करत कोकसरला उतरायचं, अकरा दिवस, सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. मागे गाडी नाही. तंबू, चूल, हत्यारं, खाणं ज्याचं त्याने वाहायचं. आणि शेवटची ओळ: मागितल्याशिवाय कोणी कोणाला मदत करायची नाही.

या शेवटच्या ओळीपाशी मी चार दिवस अडले होते. नाशिकला आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये एकीचं चाक पंक्चर झालं की सात जण पंप घेऊन धावतात, त्यातल्या तिघांचे पंप त्या व्हॉल्व्हला बसतच नाहीत. अशा मंडळींत वाढलेल्या बाईला ही अट म्हणजे माणूसघाणेपणा वाटला. निरोप धाडणारा कोल्हापूरचा, स्पितीला सायकलवर दोनदा जाऊन आलेला. फोनवर म्हणाला, "ताई, मागा की, लगेच देतो. पर न मागता धावलो तर तुमालाच कळायचं न्हाई, तुमाला काय येतंय आन काय न्हाई."

मला काय येत नव्हतं याची यादी मोठी होती. मी सत्तेचाळीसची, बँकेत नोकरी. ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी सायकल घेऊन दीड वर्ष झालं होतं, तिच्यावरची सर्वांत लांब मजल त्र्यंबक-जव्हार आणि परत. तरी हो म्हटलं.

सामान भरताना काट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली. सायकल ११ किलो, बॅगा भरून १४, पाणी वेगळं. तंबूखाली अंथरायला दुकानातली खास चटई तीन हजारांना मिळत होती. मी आमच्या प्रभागातल्या एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स कापून घेतला. उलटा अंथरायचा, म्हणजे साहेबांचं तोंड जमिनीकडे. गोधड्या शिवायचं दाभण टाकलं, कारण सॅडल बॅगच्या शिवणीवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. जेवणाला पातळ पोहे, मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याचे लाडू. विमानात किंवा रेल्वेत गॅसचा डबा नेऊ देत नाहीत, तो सिमल्यात घेतला.

पिओला जमलो तेव्हा सहा जण होतो. ओळख गावावरून झाली आणि तीच नावं पडली: कोल्हापूर, इंदूर (निवृत्त मास्तर, घरात तीन पिढ्या मराठी), बंगळूर एक आणि बंगळूर दोन (नवराबायको), पालमपूर (चोवीस वर्षांचा पोरगा) आणि मी नाशिक.

पहिला दिवस

पिओ २,२९० मीटरवर. समोर किन्नर कैलास, आणि तुम्ही मात्र लगेच खाली उतरून सतलजच्या काठाला लागता. त्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डंपर, धूळ, कुठे डांबर, कुठे खडी. संध्याकाळी पू गावाच्या अलीकडे नदीवरच्या सपाटीवर तंबू ठोकले आणि सहा जणांनी सहा ठिकाणी सहा चुली पेटवल्या. वाटण्या झालेल्या वाड्यासारखं दृश्य होतं. मी मेतकूट-भात केला, वास सगळीकडे गेला, इंदूरच्या मास्तरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मागितला नाही. मीही विचारलं नाही आणि मग रात्री मला त्याची टोचणी लागली.

दुसरा आणि तिसरा दिवस

खाबच्या पुलाशी स्पिती नदी सतलजला मिळते. सतलज तिबेटातून आलेली, तिला सोडून आपण स्पितीचा हात धरायचा. पुलानंतर रस्ता कड्यात कोरलेला आहे, वरचा कातळ डोक्यावर छज्जासारखा येतो. मग सुरू होतात 'का' गावाची वळणं. खाबपासून नाकोपर्यंत साधारण बाराशे मीटर चढायचं. सर्वांत हलका गिअर लावूनही सायकल माझ्या चालण्याच्या वेगाने जात होती, शेवटचा तासभर मी खरोखर चाललेच.

मनालीकडून आलं तर दोन-तीन दिवसांत साडेचार हजार मीटरचं कुंझुम गाठावं लागतं, अंगाला उंची मानवायला वेळ मिळत नाही. किन्नौरकडून आलं की पायऱ्या बऱ्या पडतात. नाको ३,६६० मीटर, तिथे एक दिवस बसायचं. ताबो त्याहून खाली, ३,२८०. मग काझा पुन्हा नाकोच्या उंचीला. तिसऱ्या दिवशी नाकोच्या तळ्याकाठी बसून राहिले. डोकं जरा जड, भूक कमी. कोल्हापूर येऊन एवढंच विचारून गेला, "लघवी हुतीय न्हवं नीट?" पहिल्यांदा दचकले, मग लक्षात आलं की वर पाणी पुरेसं पोटात जातंय का, हे ओळखायचं तेच सर्वांत साधं माप. मदत नाही, पण नजर होती म्हणायची.

चौथा दिवस

नाको ते ताबो. उतार, मग नदीकाठ. चांगोच्या सफरचंदाच्या बागा, सुमदोचं चेकपोस्ट, तिथे किन्नौर संपून लाहौल-स्पिती जिल्हा लागतो. सुमदोनंतर डोंगर एकदम सोलल्यासारखे होतात. झाडं फक्त गावात, जिथवर पाट पोचतो तिथवर.

ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ चा. बाहेरून मातीच्या भिंती, शेणा-मातीच्या वाड्याला सरावलेल्या डोळ्यांना अगदी ओळखीच्या. आत अंधार. टॉर्च भिंतीवर फिरवली की रंगवलेले चेहरे एकेक करून पुढे येतात आणि भिंतीच्या मधोमध उंचावर मातीच्या मूर्ती, जणू अधांतरी बसलेल्या. 'हिमालयातली अजिंठा' असं पाटीपासून पत्रकापर्यंत सगळीकडे लिहिलंय. मला ते फारसं पटलं नाही. अजिंठ्याला दगडाची खात्री असते. इथे सगळा भार मातीवर. १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपाने या भिंतींनाही हिसका दिला, तरी त्या उभ्या आहेत, म्हणजे मातीने दगडाइतकंच केलं. फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच आहे. नाहीतर मी मोबाईलमधूनच पाहिलं असतं.

पाचवा, सहावा दिवस

ताबो ते काझा ४७ किलोमीटर. वाटेत वर धनकर दिसतं, स्पितीची जुनी राजधानी, मातीच्या सुळक्यांवर चिकटवल्यासारखी. वर जायचं होतं, गेलो नाही. इंदूरच्या मास्तरांच्या गुडघ्याने नकार दिला होता आणि त्यांनी ते सांगितलं, म्हणजे मागितलंच. सगळे मुकाट्याने खालच्या रस्त्याने गेलो. अट अशीही चालते, हे मला तेव्हा कळलं.

काझ्यात एक दिवस विसावा. कपडे धुतले, बिस्किटं घेतली, चेन पुसून तेल दिलं. पेट्रोल पंपावर मोटारसायकलवाल्यांची रांग होती. त्यातल्या एकाने विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" मी म्हटलं, किलोमीटरला एक शेंगदाण्याचा लाडू.

सातवा दिवस

काझ्याहून की गोंपा, किब्बर, चिचम. चढ असा की डोळ्यांपुढे कायम आपलंच पुढचं चाक. कीच्या गोंपाने ४,१६६ मीटरवर चहा पाजला. किब्बरच्या शेतांतून वाटाणा निघत होता. स्पितीतलं नगदी पीक तेच. एका बाईने रस्त्यावर येऊन माझ्या हॅंडल बॅगवर ओंजळभर शेंगा ओतल्या. तिच्याकडे मी काही मागितलं नव्हतं, पण ती काही आमच्या ग्रुपमध्ये नव्हती. थंडीने वाटाणा असा गोड होतो की उकडायची गरज नाही.

किब्बर आणि चिचमच्या मध्ये दरी आहे. २०१७ साली तिच्यावर पूल झाला. त्याआधी माणसं तारेवरच्या पाळण्यात बसून हातांनी दोर ओढत पलीकडे जायची, पोतं, बकरं, आजारी माणूस सगळं त्याच पाळण्यातून. पुलाच्या मधोमध उभं राहून खाली पाहिलं. तळ दिसला नाही, म्हणजे दिसला असता, मी पुढे वाकलेच नाही.

चिचमच्या पुढे माळावर तंबू. या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. बंगळूरच्या जोडप्याची डाळ दीड तास शिजत होती आणि गॅस संपत होता. पातळ पोह्यांवर गरम पाणी ओतून झाकण ठेवलं, मेतकूट, तिखट, तेल, पाच मिनिटांत जेवण. बंगळूर दोन उठून आली आणि म्हणाली, "कॅन आय आस्क?" मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

आठवा दिवस

चिचमवरून मुख्य रस्त्याला उतरणारी वाट सकाळच्या उन्हात सुंदर होती. कच्ची, कोरडी, दोन्हीकडे पिवळं पडत चाललेलं गवत. सायकल हलकी पळत होती. मी ब्रेक सैल सोडले, आणि नेमका पाटीसारखा धारदार दगड मागच्या टायरच्या कुशीत घुसला.

फस्स असा आवाज आणि पोटरीवर पांढरा फवारा. टायर ट्यूबलेस, आतलं सीलंट काट्याकुट्याची भोकं बुजवतं. ही भोकाची गोष्ट नव्हती. जमिनीवर टेकतो त्या नक्षीला नव्हे, बाजूच्या पातळ भिंतीला अडीच सेंटीमीटरची चीर गेली होती, आतले धागे मोकळे लोंबत होते.

बाकीचे पुढे गेले होते. मागून कोल्हापूर आला. त्याने पाहिलं, सायकल आडवी केली, दहा पावलांवर दगडावर बसला आणि चिक्कीचा कागद उलगडायला लागला. माझ्याकडे नव्हे, समोरच्या डोंगराकडे बघत.

मी रबराची वात चिरेत खोचली. हवा भरली, वात उडून गेली. दोन वाती एकत्र खोचल्या. त्याही गेल्या. मग टायर उतरवून ट्यूब घातली, हवा भरली, तशी ती चिरेतून बेडकाच्या गळ्यासारखी बाहेर फुगली. हवा सोडली. बोटं सीलंटने चिकट, नखांत माती, वारा सुटलेला. दर दहा मिनिटांनी वाटायचं, आता हा उठेल. तो उठला नाही. एवढी चिक्की कुठून आणली होती कोण जाणे. मला राग आला, मग रडू आलं, मग ही बाई कोणासाठी रडतेय असं स्वतःलाच वाटलं. पन्नास मिनिटं झाली होती.

"दाभण आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "पण असा टाका मला येत नाही. येतो का तुम्हाला?"

तो इतक्या चटकन उठला की चिक्की मातीत पडली. "कवा मागताय म्हणूनच बसलोय की, ताई!"

त्याच्याकडे मेण लावलेला नायलॉनचा दोरा होता. त्याने शिवून मात्र दिलं नाही, शेजारी बसून शिकवलं. टाका चपलेचा: दोऱ्याला दोन टोकं, एका भोकातून दोन्ही टोकं उलटसुलट जायची, म्हणजे एकीकडचा दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. भोकं चिरेच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर लांब, नाहीतर धागा टायरलाच फाडतो. फार आवळायचं नाही, कडा नुसत्या एकमेकींना भेटायला हव्यात. सहा टाक्यांना पाऊण तास लागला आणि अंगठ्याला दाभण दोनदा लागलं.

शिवणीवर आतून ठिगळ हवं, नाहीतर दोरा ट्यूब कातरतो. ठिगळाला जाड, न ताणणारं काहीतरी पाहिजे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मला एकदम फ्लेक्स आठवला. तंबूच्या पिशवीतून काढून दगडांवर पसरला. चिचमच्या माळावर, चार हजार मीटर उंचीवर, साहेब हात जोडून हसत होते. कोल्हापूरने मान तिरकी करून वाचलं, "'तमाम जनतेच्या मनातील'... ताई, कापू कुठनं?" कोपरे माझ्या तंबूच्या दोऱ्यांनी फाटलेले होते. शेवटी साहेबांच्या गॉगलची उजवी काच कापली. सीलंट पुसून कोरडं केलं, पंक्चरच्या सोल्युशनने काच आतून चिकटवली, ट्यूब घालून हवा भरली, तीही बेतानेच. चीर फुगली नाही.

लोसरला पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. बाकीचे वाट बघत होते. कोणी काही विचारलं नाही, फक्त मास्तरांनी माझ्या काळ्या बोटांकडे पाहून साबण पुढे केला. न मागता. मी घेतला.

नववा दिवस

लोसर ते कुंझुम अठरा-एकोणीस किलोमीटर. साडेचार हजार मीटरला हवेचा दाब सपाटीच्या साधारण ५८ टक्के. मोजून तीस पॅडल, मग थांबून दहा श्वास, पुन्हा तीस. दर थांब्याला मागे वळून टायर पाहायचा. माथ्यावर कुंझुम मातेचं मंदिर आहे, इथून जाणारी प्रत्येक गाडी त्याला फेरी मारते, ट्रकसुद्धा. आम्हीही मारली, सहा सायकलींची दिंडी. फेरीत मी हात जोडले तेव्हा गॉगल घातलेले साहेब डोळ्यांसमोर आले, आवरलं.

कुंझुमच्या पलीकडे पाणी वेगळं. अलीकडचं स्पितीतून सतलजला जातं, पलीकडचं चंद्रेला. चंद्रा पुढे तांडीला भागेला मिळते आणि तिची चंद्रभागा होते, खाली चिनाब. मास्तरांनी घाटातच 'पुंडलिक वरदे' म्हटलं. पंढरपूरच्या चंद्रभागेचा हिच्याशी पाण्याचा संबंध नाही, नावाचा आहे, तेवढा त्यांना पुरला.

बातलपर्यंतचा उतार उतरताना चढापेक्षा जास्त भीती वाटली. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा, दात एकमेकांवर आपटतात. बातलच्या ढाब्यावर राजमा-भात दोनदा घेतला. 'खाणं ज्याचं त्याने वाहायचं' या अटीत विकत घ्यायला बंदी नव्हती. चंद्रेचं पाणी राखाडी, बर्फाने दळलेल्या दगडाचं पीठ त्यात. सरळ फिल्टरला लावलं तर तो तुंबतो. भांड्यात तुरटी फिरवून तासभर ठेवलं, तळाला गाळ बसला, वरचं गाळून घेतलं. तुरटी माझी होती. त्या संध्याकाळी ती चार जणांनी मागितली. रात्री फिल्टर झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचं, आतल्या नळ्यांत पाणी गोठलं की तो कायमचा निकामी होतो आणि बाहेरून कळतही नाही. सकाळी बाटलीत बर्फ होता.

दहावा दिवस

बातल ते छत्रू, तीसेक किलोमीटर. रस्ता म्हणजे नदीच्या पात्रातले गोटे कडेला लोटून केलेली जागा. वाटेत नाले आडवे येतात. उन्हाने वरची हिमनदी वितळायला लागली की दुपारी त्यांना पाणी चढतं, म्हणून उजाडता उजाडता निघालो.

तिसरा नाला रुंद होता. गुडघ्याच्या वर पाणी, तळाला हलणारे गोल दगड. बॅगा सोडवून एक खेप, सायकलीची दुसरी. मी सँडल घालून, काठीवर भार देत, प्रवाहाकडे तोंड करून आडवी आडवी सरकत गेले. पहिल्या दहा सेकंदांत पाय दुखतात, मग दुखायचे थांबतात. तेच वाईट, पाऊल कुठे पडलं ते कळत नाही. दुसऱ्या खेपेला सायकल खांद्यावर, मधोमध दगड फिरला आणि मी गुडघ्यावर बसले.

तोंडातून शब्द निघाला नाही. मागायला वेळच नव्हता. पालमपूरने दंड धरला, कोल्हापूरने सायकल उचलली, बंगळूरचे दोघे कमरेएवढ्या पाण्यात खालच्या अंगाला उभे राहिले, वाहून गेले तर अडवायला. पलीकडे रस्त्याच्या कामावरचे मजूर होते, त्यातल्या दोघांनी धावत येऊन हात दिला. एकाने त्यांच्या चुलीपाशी बसवून डब्याच्या झाकणात काळा चहा दिला. तो झारखंडचा होता, इथे पाच महिने. माझे पाय बघून त्याला हसू आलं, त्याचे त्याच पाण्यात दिवसातून दहा वेळा जात होते, रबरी बुटांशिवाय.

अकरावा दिवस

छत्रू ते ग्रांफू सतरा किलोमीटर, त्यातले शेवटचे चार सोडले तर सगळे बातलसारखेच. ग्रांफूला लेहच्या जुन्या रस्त्याचं डांबर लागलं. चाकांखालचा आवाज बंद झाल्यावर कान दुखायला लागले. कोकसरला ढाब्यात शिरलो, फोन वाजायला लागले, बँकेचे एकोणतीस मेसेज.

जेवण येईपर्यंत मी मागचा टायर उतरवला. सहाच्या सहा टाके जागेवर होते, मातीने भरून गेलेले. आतून गॉगलची काच निघाली, सीलंटचा एक पांढरा ठिपका सोडला तर जशीच्या तशी. मास्तरांनी ती उजेडात धरून बघितली आणि पाकिटात ठेवली, इंदूरला दाखवायला. बंगळूरचे दोघे सामानातून न वापरलेल्या वस्तू काढून मोजत होते, आठ निघाल्या, त्यातली सर्वांत महाग म्हणजे सोलर पॅनेल.

कोल्हापूर माझ्यासमोर येऊन बसला. जरा घुटमळला. अकरा दिवसांत त्याने कोणाकडेही काही मागितलं नव्हतं, तिखटसुद्धा नाही.

"ताई," तो म्हणाला, "दाभण द्याल काय मला?"

नाही म्हणायची सोयच नव्हती.